टपाखालची टाचणी

मित्रांनो, मी एक बाबागाडी आहे. जुनी आहे हे मी आपणहूनच सांगून टाकते, म्हणजे माझ्या चाकांकडे बघून तुम्हाला वयाचा अंदाज बांधत बसायला नको. माझ्या वेताचा रंग उडाला आहे, पुढचं उजवं चाक फिरताना कुईकुई करतं, आणि दांडीवरचं रबर एका बाळानं दात येण्याच्या दिवसांत कुरतडून ठेवलं आहे. ते बाळ आता तीस वर्षांचं आहे, आणि घराबाहेर पडताना गॅस बंद केला का हे तीन वेळा बघून येतं. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट या बाळामुळेच घडली, म्हणून त्याची ओळख आधी करून दिली.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे एकजण लोखंडी नळ्या वाकवायचा, एक बाई भिजवलेले वेत विणायची, आणि चष्मा कपाळावर चढवलेला एक मिस्त्री सगळं जुळवायचा. मी तयार झाले त्या दिवशी त्यानं पाण्यानं काठोकाठ भरलेला वाडगा माझ्यात ठेवला आणि फरशा उखडलेल्या अंगणातून मला दोन फेऱ्या मारल्या. पाणी हललं, पण सांडलं नाही. "हिच्यात मूल झोपेल," एवढंच तो म्हणाला. एवढ्याशा कौतुकावर मी कितीतरी वर्षं चालले.

पण खरं सांगू? मला स्वतःचा अभिमान होता तो माझ्या टपाचा. काळ्या मेणकापडाचा, तीन कमानींचा, आतून निळं अस्तर. तो पुढे ओढला की भर दुपारी माझ्या पोटात संध्याकाळ व्हायची. ऊन, वारा, धूळ, ओळखीपाळखीच्या बायकांची गालगुच्चे घेणारी बोटं, सगळं बाहेर. आत फक्त बाळ आणि मी.

एका गृहस्थांनी मला त्यांच्या तान्ह्या लेकीसाठी विकत घेतलं. रबर कुरतडणारी ती हीच. पुढे तिचा धाकटा भाऊ माझ्यात वाढला. मग मला पुसूनबिसून ठेवण्यात आलं, आणि त्या लेकीला लेक झाली तेव्हा मी पुन्हा बाहेर आले. या तिसऱ्या बाळाला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ते एका जागी टिकतच नसे. सात महिन्यांची असताना ती माझ्यातून दोनदा खाली उतरायला निघाली. तिची आई, म्हणजे माझं पहिलं बाळ, तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून तिच्यामागे असते. मीही तिला आता आईच म्हणेन, घरात सगळे तिला तीच हाक मारतात.

मग घरात घडीची गाडी आली. छत्रीसारखी मिटायची आणि एका हातानं उचलता यायची. मला जिन्याखाली ढकललं गेलं. तिथे रंगाचे वाळलेले डबे होते, एक तीन पायांची खुर्ची होती, आणि मी होते. कुणीतरी माझ्यात जुन्या चादरी कोंबल्या. चार वर्षं मी चादरींना जोजवलं. चादरी रडत नाहीत, हसत नाहीत, वाढतही नाहीत. मित्रांनो, कामाशिवाय राहणं काय असतं ते मला विचारा.

एक दिवस आई जिन्याखाली वाकली. गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात जुन्या चादरी हव्या होत्या. तिनं गाठोडं बांधायचा प्रयत्न केला, पण ते उचलेना. मग ती म्हणाली, "जाऊ दे, गाडीच नेते ढकलत." भिंगरी आता पाच वर्षांची झाली होती. ती माझ्या दांडीला लोंबकळत निघाली. माझं चाक इतकं कुईकुई करत होतं की रस्त्यातली माणसं वळून बघत होती. मला त्याची लाज वाटली नाही. चार वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे वळून बघत होतं.

निवारा म्हणजे एक लांब ओली पडवी, दोन्ही बाजूंना जाळीचे कप्पे, फिनेलचा वास, आणि कान किटवणारं भुंकणं. तिथली सगळी व्यवस्था रबरी बूट घातलेल्या एका बाईंच्या हातात होती. माणसं आणि कुत्री, सगळेच त्यांना मावशी म्हणायचे. माणसं तोंडानं, कुत्री शेपटीनं.

सगळे कुत्रे जाळीशी आले होते. शेवटच्या कप्प्यातली एक तेवढी आली नाही. करपलेल्या पावाच्या रंगाची, मुठीएवढं डोकं, आणि तोंड भिंतीकडे.

"ती भिंतीशी काय बोलतेय?" भिंगरीनं विचारलं.

"ती टाचणी," मावशी म्हणाल्या. "आहे एवढीशी, आणि लपली की सापडत नाही. बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर मिळाली. दोन घरं बघून आलीय. पहिल्यांनी चार दिवसांत आणून दिली. म्हणाले, आम्हाला कुत्रा हवा होता, उशी नको होती. दुसरे बिचारे चांगले होते, महिनाभर वाट बघितली. पण ही कपाटामागून बाहेरच आली नाही."

बोलता बोलता मावशींनी झाडायला म्हणून कप्प्याचं दार उघडलं, आणि त्यांच्या कोपराचा धक्का लागून बादली खणकन पडली. पुढचं सगळं क्षणात झालं. करपलेल्या रंगाचा एक गोळा दारातून सुटला, पडवीभर सैरावैरा धावला आणि माझ्यात येऊन पडला. टपाखाली, अगदी मागे, चादरींच्या आत.

मित्रांनो, माझ्या खालच्या स्प्रिंगांवर तीन किलोंचं वजन पडलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं असतं तेवढंच. ते वजन मी कुठेही ओळखेन.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "दोन महिन्यांत पहिल्यांदाच ही आपल्या पायांनी कुठेतरी गेली," त्या हळूच म्हणाल्या.

"मी फक्त चादरी द्यायला आले होते," आई म्हणाली.

"त्या दिल्यातच की तुम्ही. तिला."

आईनं टपाखाली डोकावून बघितलं. आत दोन डोळे होते, आणि ते मिटायलाही घाबरत होते. आईचा चेहरा मी लहानपणापासून बघत आले आहे. तो कधी विरघळतो हे मला बरोबर कळतं.

मावशींनी मात्र तिला तिथेच थांबवलं. "ताई, नियम ऐकून घ्या. चार आठवडे तुमच्याकडे ठेवा. मग मी तिचा पिंजरा घेऊन तुमच्या घरी येणार. खोलीच्या मधोमध ठेवणार आणि त्याचं दार उघडं टाकणार. कुणी बोलवायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. ती पिंजऱ्यात जाऊन बसली, तर मी घेऊन जाणार. तुमच्याकडे आली, तर तुमची. मागे दोन्ही वेळा आम्ही माणसांना विचारलं. या वेळी तिला विचारणार."

"आणि गेली पिंजऱ्यात तर?"

"तिसऱ्यांदा परत आलेला कुत्रा आम्ही पुन्हा कुणाला दाखवत नाही. मग तिचं सगळं आयुष्य याच पडवीत."

आईनं माझी दांडी धरली. येताना भिंगरी लोंबकळली नाही. चाकाच्या बाजूनं चवड्यांवर चालत आली, आतलीला झोप लागली असेल म्हणून.

घरी भिंगरीचे बाबा खिडकीशी टेबलावर वाकून बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चादरी द्यायला गेली होतीस ना?"

"दिल्या."

"मग त्या गाडीतच दिसतायत मला. आणि त्यांना कान आहेत."

तिसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या चाकाला तेल घातलं. आईनं माझ्यासाठी नवी गादी शिवली. माझं नशीब उजाडलं होतं. टाचणी माझ्यात झोपायची, माझ्यातच खायची. आई उकडलेल्या अंड्याचे तुकडे टपाखाली सरकवायची आणि हात पटकन मागे घ्यायची. मागच्या अंगणात तिला मोकळं व्हायला उचलून न्यायची आणि आटोपलं की पुन्हा माझ्यात आणून ठेवायची. संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो. दुचाकी फटफटत आली, की टप पुढे. कोपऱ्यावर हातोड्याचा आवाज आला, की टप पुढे, वरून ओढणी. मी अंग सावरून चालायचे. माझ्या पोटात पुन्हा संध्याकाळ होती, आणि तिच्यात कुणीतरी निवांत श्वास घेत होतं.

बागेतल्या बाकावरच्या एका आजींनी एकदा आम्हाला थांबवलं.

"किती महिन्यांचं?"

"दीड वर्षाची आहे," आई म्हणाली.

"अगं बाई. आणि अजून चालत नाही?"

"तोच तर प्रश्न आहे."

आजींनी चष्मा सारखा करून टपाखाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईच्या दंडावर हात ठेवून समजुतीनं म्हणाल्या, "केस फार आहेत. पण होतात हो कमी, पुढे पुढे."

आई बागेच्या फाटकापर्यंत कशीबशी हसू दाबत आली. माझी दांडी तिच्या हसण्यानं थरथरत होती.

तीन आठवडे असे गेले. मला वाटलं, जिंकलो आपण. टाचणी आता गादीवर ताणून झोपायची, झोपेत पाय हलवायची, अंडं आलं की शेपटीचं टोक गादीवर एकदा आपटायची. आईनं त्या आपटण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली होती.

मग मावशी मधल्या पाहणीला आल्या. त्या पुढच्या खोलीत खुर्चीवर तासभर गप्प बसल्या. फक्त बघत होत्या. टाचणीनं नाक बाहेर काढलं, मावशी दिसल्या, नाक आत गेलं. भिंगरी नाचत आली, नाक आत. आईनं पातेलं ठेवलं, नाक आत.

"ताई, हिला घर मिळालंय," मावशी शेवटी म्हणाल्या. आईचा चेहरा उजळला. "पण ते तुमचं घर नाही. ही गाडी आहे."

आईनं माझ्या दांडीवर हात ठेवला.

"पिंजरा आणेन त्या दिवशी ही गाडी मी खोलीत ठेवू देणार नाही. मग ती कुठे जाईल?"

"पिंजऱ्यात," आई म्हणाली. "पण मी तिला किती जपतेय मावशी. एक मोठा आवाज कानावर पडू देत नाही."

"जपताय, दिसतंय मला. पण जपता जपता झाकून टाकलंत. आता तिला बाहेरचं काही माहीतच नाही. तुम्हीसुद्धा तिच्यासाठी बाहेरच्याच."

मावशी गेल्या. आई तिथेच बसून राहिली. मित्रांनो, पोटात संध्याकाळ होते म्हणून मी मिरवत होते ना? तीच संध्याकाळ तिच्या आड येत होती. चांगलं काम करणाऱ्यालाही आपलं काम चुकतंय हे ऐकावं लागतं, आणि ते ऐकताना तोंड लपवायला दुसऱ्याचा टप मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं टाचणीला उचलून बाहेर ठेवलं आणि मला जिन्याखाली नेलं. टाचणी पलंगाखाली गेली ती गेलीच. दिवसभर पाण्यालाही शिवली नाही. थरथरताना तिच्या नखांचा फरशीवर होणारा टकटक आवाज मला जिन्याखाली ऐकू येत होता. संध्याकाळी आईच्यानं राहवलं नाही. तिनं मला परत आणलं, आणि टाचणी एका उडीत आत.

"दिलीस ना गाडी परत?" बाबा म्हणाले. रागानं नाही.

"मला बघवत नव्हतं. सहा दिवस उरलेत, माहीत आहे मला. बोल तू, बोल काय ते."

बाबांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "बिघडलेलं घड्याळ मी कधी आपटून उघडत नाही. एक एक स्क्रू काढतो. त्याला कळतसुद्धा नाही आपण कधी उघडलो ते." ते माझ्याजवळ आले, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गाडी घ्यायची नाही तिच्याकडून. गाडी कमी करायची. रोज थोडी थोडी."

त्यांनी खोलीच्या कडेला वर्तमानपत्र पसरलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझा टप काढला.

खोटं कशाला बोलू, मला फार लागलं. चार स्क्रू, दोन वॉशर, आणि माझा सगळा तोरा त्या कागदावर जाऊन पडला. वर एकदम उघडं छत आणि फिरणारा पंखा. टाचणी गादीत तोंड खुपसून थरथरत होती. दुपारपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग केली. पंख्याकडे बघितलं. पंखा काही खाली आला नाही. संध्याकाळी तिनं पुन्हा बघितलं, या वेळी जरा कंटाळून.

दुसऱ्या दिवशी चाकं गेली. मी फरशीवर बसले, आयुष्यात पहिल्यांदाच. आता टाचणीच्या डोळ्यांसमोर पायच पाय होते. भिंगरीचे पाय सारखे धावणारे, बाबांचे चपला ओढणारे, आईचे दर दहा मिनिटांनी येऊन थबकणारे.

तिसऱ्या दिवशी वेताच्या भिंतींपैकी समोरची निघाली. त्या दिवशी टाचणी पुन्हा जेवली नाही. बाबा गिऱ्हाइकाचं घड्याळ पोचवायला बाहेर गेले होते, भिंगरी शाळेत होती. आई आली आणि वर्तमानपत्रावरची ती भिंत तिनं उचलली. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. मी श्वास रोखून बघत होते. लाव, असं मला म्हणायचं होतं. नको लावू, असंही म्हणायचं होतं.

आई तशीच माझ्याजवळ खाली बसली. मग हळूहळू फरशीवर आडवी झाली, गाल फरशीला टेकवून. तिचं तोंड टाचणीच्या तोंडासमोर आलं.

"ऐक," ती म्हणाली, "मलाही भीती वाटते. भिंगरी शिंकली की वाटते. तिची शाळा सुटायला पाच मिनिटं उशीर झाला की वाटते. तुला न्यायला येतील, त्याची तर फारच वाटते. पण मला गाडीत बसायला कुणी देत नाही गं. मी अशीच, उघडी फिरते."

टाचणीनं कान हलवला.

"आणि एक सांगू? काही होत नाही. बहुतेक दिवशी काहीच होत नाही."

तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घरंगळून फरशीवर आदळला. मी दचकले. टाचणीही दचकली. पण तिनं तोंड लपवलं नाही. तिनं आईकडे बघितलं, तू दचकलीस का, हे बघायला. आई दचकली नव्हती. मग टाचणीनं मान खाली घातली आणि बशीतलं अंडं खाल्लं, आईच्या नाकापासून एका वितीवर. भिंत वर्तमानपत्रावर परत गेली.

चौथ्या दिवशी उरलेल्या तीन भिंती निघाल्या. पाचव्या दिवशी गादीखालची फळी. आता खोलीत मी म्हणून फक्त एक गादी होती, आणि बाकी सगळी मी कागदावर ओळीनं मांडलेली होते. गंमत अशी, की मला त्याचं वाईट वाटेनासं झालं. टप एका कोपऱ्यातून बघत होता, चाकं दुसऱ्या कोपऱ्यातून. एका जागी होते तेव्हा मी बाळाच्या वरचं आभाळ फक्त झाकलं होतं. आता मला सबंध खोली दिसत होती.

त्या संध्याकाळी भिंगरी गादीच्या एका कडेला बसली. तिला आईनं सांगितलं होतं, हलायचं नाही. भिंगरीला हलू नको म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांनी तिला वाहिलं आहे त्यांनाच कळेल. तिचा अंगठा थरथरत होता, जीभ दातांत धरलेली होती. सतराव्या मिनिटाला टाचणी उठली, गादीवरून चार पावलं चालली आणि भिंगरीच्या पावलावर हनुवटी टेकून झोपली.

"आई," भिंगरी ओठ न हलवता म्हणाली, "मला शू लागलीय. पण मी नाही उठणार."

सहाव्या दिवशी सकाळी मावशी आल्या. काखेत पिंजरा होता. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, गादीशी थांबल्या.

"हीसुद्धा उचला."

बाबांनी गादी उचलली. माझा सगळा पसारा व्हरांड्यात गेला, आणि टप खिडकीबाहेरच्या खुंटीवर टांगला गेला. तिथून मला खोली दिसत होती. टाचणी उघड्या फरशीवर उभी होती, चार पायांवर, आड लपायला काहीही नसलेली.

मावशींनी पिंजरा मधोमध ठेवला. दार उघडलं. मग पिशवीतून एक विटलेलं, कडा उसवलेलं कांबळं काढून आत पसरलं.

"निवाऱ्यात ती यावरच झोपायची," त्या म्हणाल्या.

"मावशी, हा अन्याय आहे," आई कुजबुजली.

"आहेच. सोपं करून विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही."

आई भिंतीला टेकून खाली बसली. भिंगरी हात मांडीखाली दाबून बसली. बाबा खुर्चीवर, मावशी दाराशी. कुणी हाक मारली नाही.

टाचणीनं हवा हुंगली. कांबळ्याचा वास तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण तिचे कान उभे राहिले. ती पिंजऱ्याच्या दिशेनं निघाली. एक पाऊल, मग थांबली, मग दुसरं. आईनं डोळे मिटले. मी नाही मिटले, मला मिटताच येत नाहीत. टाचणी दारापाशी पोचली. डोकं आत गेलं. पुढचे पाय आत गेले. बाहेर फक्त मागचे दोन पाय आणि शेपूट उरली. मावशींनी पिंजऱ्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

आणि शेपूट मागे मागे यायला लागली.

आधी मागचे पाय, मग पाठ, मग डोकं. तोंडात कांबळ्याचा कोपरा होता. ते कांबळं दाराला अडकलं. तिनं पाय रोवले, गुरगुरली. मित्रांनो, तीन आठवडे आणि सहा दिवसांत आम्ही तिचा आवाजच ऐकला नव्हता, आणि आता ती एका कांबळ्यावर ओरडत होती. कांबळं सुटलं. ती मागे धडपडली, उठली, आणि आपल्यापेक्षा मोठं ते कांबळं फरफटवत, त्यावर स्वतःच पाय देत, अडखळत, सबंध खोली ओलांडून आईपर्यंत आली. आईच्या मांडीशी तिनं त्याचा ढीग केला, त्याभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि बसली.



"सामान घेऊन राहायला आली," बाबा म्हणाले.

मावशींनी नाक ओढलं, बुटांकडे बघितलं, आणि खिशातून कागद काढला. "बत्तीस वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "पिंजऱ्यात जाणारे बघितले, न जाणारे बघितले. पिंजरा रिकामा करून आणणारी ही पहिलीच. घ्या ताई, सही करा. आणि कांबळं निवाऱ्याचं आहे बरं का, पण मी काही मागत नाही. मागायची माझी हिंमत नाही."

आजही इतका वेळ न हलता बसलेली भिंगरी तोवर बाथरूमकडे धावली होती.

त्याच दुपारी बाबांनी मला पुन्हा जोडलं. एकही स्क्रू उरला नाही आणि एकही कमी पडला नाही. टाचणी येऊन मला एकदा हुंगून गेली, जुन्या ओळखीच्या माणसाला हुंगावं तशी, पण आत काही चढली नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आता मी जिन्याखाली नाही. आईनं मला निवाऱ्याला देऊन टाकलं. सोडायला आली तेव्हा टाचणी दोरीनं पुढे चालत होती, इतकी भराभर की आईला अर्धवट धावावं लागत होतं. जाताना आईनं मावशींना टपाचे चार स्क्रू दाखवले आणि कुठला आधी काढायचा ते समजावलं. दोनदा समजावलं, कारण ती आई आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, जिन्याच्या कोपऱ्यात कुणी टपाखाली बसलेलं असेल, तर त्याला हसू नका, ओढून बाहेर काढू नका. आणि माझ्यासारखं नुसतं झाकूनही ठेवू नका. जवळ फरशीवर बसा. रोज थोडं उघडा. वेग त्याचा असू द्या, आपला नको. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तू फेकायच्या आधी एकदा विचारा की हिच्या अंगात अजून कुणाला सोडवायचं बळ आहे का. आमच्यापैकी पुष्कळजणी हो म्हणतील.

माझ्यात सध्या एक डोळा गेलेला, राखाडी, रस्त्यावरच्या प्रत्येक पिशवीला घाबरणारा एकजण राहतो. वजन साडेचार किलो. काल पंधरा दिवसांनी त्यानं टपाबाहेर नाक काढलं. आज सकाळी मावशी स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. मी त्यांना बघितलं, आणि बाबांनी घातलेलं तेल केव्हाच सुकलेल्या माझ्या चाकानं आनंदानं कुईकुई केलं.